आरंभ कोणता? : अद्भुत कथामाला, पुनर्वाचन आणि भंडाऱ्याचा वाचक

अद्भुतरम्य कादंबरीविषयी मराठी वाङ्मयेतिहासाने दिलेला निकाल संभाव्यतेच्या भाषेत मांडला गेला असला, तरी त्याच्या पोटात वाचनाविषयीचे एक गृहीत दडलेले आहे. अद्भुत हे एकदाच वाचायचे, उत्कंठा शमली की ग्रंथ संपला, असे ते गृहीत. काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी १८७२ च्या ‘नावल व नाटक ह्यांविषयी निबंध’ मध्ये ‘मुक्तामाला’ (१८६१), ‘मंजुघोषा’ (१८६८) यांच्या वळणाच्या कादंबऱ्यांवर असंभाव्यतेचा आक्षेप घेतला. पुढे हरिभाऊंच्या ‘मधली स्थिती’पासून (१८८५) वास्तवाची प्रतिष्ठा वाढत गेली आणि पुन्हा वाचले जाण्याचा मान जणू वास्तववादी कादंबरीच्याच वाट्याला आला. हे गृहीत तपासण्यासाठी एखादी सुटी कादंबरी अपुरी पडते. अनेक भागांत पसरलेली अद्भुत कथामाला हाती घेऊन ती पहिल्यापासून पुन्हा वाचावी काय, हा प्रश्न विचारला पाहिजे; कारण तेथे पुनर्वाचनाला वेळेची खरी किंमत पडते.

या प्रश्नासाठी भंडारा जिल्हा सोयीचा आहे, तो त्याच्या भूगोलामुळे. १८६७ मध्ये बालाघाट जिल्हा निर्माण झाला तो अंशतः भंडाऱ्याचाच प्रदेश घेऊन. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत हे दोन्ही जिल्हे एकाच प्रांतात नांदत होते. ज्या झाडीपट्टीत झाडीबोली आणि पोवारी शेजारी शेजारी बोलल्या जातात, तेथील वाचकाला हिंदी ग्रंथ हाती घेण्यासाठी अनुवादाची वाट पाहावी लागत नव्हती. देवकीनंदन खत्री (१८६१–१९१३) यांची ‘चंद्रकांता’, तिच्यामागून आलेली चोवीस भागांची ‘चंद्रकांता संतति’ आणि ‘भूतनाथ’ ही ऐयार व तिलिस्मांची कथामाला त्याच्या आवाक्यात होती. आपले वाङ्मयेतिहास मात्र भाषेच्या सीमेवर थांबतात. भाषावार प्रांतरचनेने जे १९५६ मध्ये केले, ते अभ्यासक्रमांनी कितीतरी आधीच करून ठेवले होते! ग्रंथांचा इतिहास भाषेनुसार लिहिता येईल. वाचनाचा इतिहास मात्र प्रदेशानुसारच लिहावा लागेल.

याच वाचकाजवळ दीर्घकथेची दुसरी एक शिस्त आधीपासून होती : पोथीची. श्रीधराचे ‘हरिविजय’ (१७०२), ‘रामविजय’ (१७०३) आणि ‘पांडवप्रताप’ (१७१२) हे अनुक्रमे छत्तीस, चाळीस व चौसष्ट अध्यायांचे ग्रंथ चातुर्मासात लावण्याची रीत महाराष्ट्रभर होती. तेथे ‘पुन्हा वाचावे काय’ असा प्रश्नच उद्भवत नाही. पोथी लावली की मंगलाचरणापासून, आणि लावली की समाप्तीपर्यंत. कौरव हरणार हे श्रोत्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक असते, तरीही चौसष्टाव्या अध्यायापर्यंत कोणी उठून जात नाही. म्हणजे अद्भुताची गोडी अज्ञात शेवटावरच उभी असते, हे म्हणणे निदान या समाजाच्या अनुभवाला धरून नाही. कथेची स्मृती येथे ग्रंथात कमी आणि श्रोतृसमूहात अधिक वसते; एखादा अध्याय चुकलाच, तर शेजारी सांगतो किंवा पुढच्या वर्षी तो ऐकायला मिळतो.

खत्रींच्या वाचकाला असा समूह लाभत नाही. तो एकटा वाचतो, आणि ग्रंथालयातून एकेक भाग आणणारा असेल तर बहुधा अनुक्रम सोडून वाचतो. पहिला भाग कोणीतरी नेलेला असतो, हा अनुभव मालिका वाचणाऱ्या कोणालाही परका नाही. म्हणून स्मृतीचे काम संहितेनेच अंगावर घेतले. खत्रींचा निवेदक ‘पाठक’ अशी हाक मारून मागील वृत्तांताची आठवण देतो, कुठे तळटीप घालून अमुक भागाचे अमुक ‘बयान’ पाहा असे सुचवितो. या तळटिपांकडे छपाईची सोय म्हणून पाहणे पुरेसे नाही. पुनर्वाचनाची ती तुकड्यातुकड्याने दिलेली आज्ञाच आहे. एकदा वाचून टाकून देण्याजोगी संहिता वाचकाला मागे का पाठवील?

याहून महत्त्वाची गोष्ट भूतनाथाची. ‘संतति’त हा ऐयार संशयाचे वलय घेऊन वावरतो, त्याच्या भूतकाळातील काही कृत्ये उजेडात येऊ नयेत यासाठी त्याची धडपड चालू असते. नंतर खत्रींनी त्याच भूतकाळावर स्वतंत्र कथा रचली. ती त्यांच्या हयातीत पूर्ण झाली नाही. त्यांच्या मृत्यूनंतर पुत्र दुर्गाप्रसाद यांनी ती पुरी केली. लेखनक्रमाने ‘भूतनाथ’ शेवटी येतो, घटनाक्रमाने ‘संतति’च्या आधी. मग ‘पहिल्यापासून’ म्हणजे कोठून? श्रीधराच्या बाबतीतही हा पेच आहेच : त्याने कृष्णकथा आधी लिहिली, रामकथा नंतर. पण तेथे कोणत्याही क्रमाने वाचले तरी कोणाविषयीचा निर्णय पालटत नाही. राम ‘रामविजया’त जो आहे तोच ‘हरिविजया’च्या श्रोत्याच्या मनातही असतो. भूतनाथाचे तसे नाही. त्याची कथा वाचून झालेला वाचक ‘संतति’कडे परतला की तेच प्रसंग, तेच संवाद त्याला वेगळ्या नैतिक प्रकाशात दिसू लागतात, प्रथम जेथे केवळ लबाडी दिसली, तेथे भय दिसते.

रोलां बार्थ यांनी १९७० च्या ‘एस/झेड’ मध्ये पुनर्वाचनाची बाजू मांडताना, कथा एकदा वाचून फेकून देण्याची सवय ही उपभोगाच्या व्यवहाराची सवय असल्याचे सुचविले होते. विवेचनासाठी त्यांनी बाल्झाकची एक दीर्घकथा निवडली, आणि ते ठीकच झाले. चोवीस भागांच्या मालेवर ती पद्धत चालविणे कोणाही समीक्षकाच्या आयुष्याला परवडणारे नव्हते. (आपल्याकडे बार्थ उद्धृत करणाऱ्यांपैकी किती जणांनी खत्री उघडले असतील, हा प्रश्न मी येथे विचारीत नाही.) तरी त्यांचा मुद्दा अद्भुत कथामालेला लागू करताना एक दुरुस्ती हवी. येथे पुनर्वाचनाचा आग्रह समीक्षकाने बाहेरून आणलेला नाही. मालेचा उत्तरभागच पूर्वभागाला अपुरा ठरवून वाचकाला परत पाठवितो.

हे सर्वच मालांना लागू पडत नाही. नारायण धारपांच्या ‘समर्थ’कथांत नायक तोच असला तरी प्रत्येक कथा आपल्यापुरती मिटते; त्या कुठूनही उघडाव्यात. नाथमाधवांच्या ‘वीरधवल’सारख्या अद्भुत कादंबरीला मालेचा विस्तारच नाही. पुनर्वाचनाचा निर्णय ग्रंथाच्या लांबीवरून घेता येत नाही. शेवटच्या भागाने पहिल्याला हात लावला आहे की नाही, एवढेच पाहायचे.

१९९४ मध्ये नीरजा गुलेरी यांची ‘चंद्रकांता’ दूरदर्शनवर सुरू झाली आणि ही नावे घरोघर पोचली. मात्र मूळ माला आणि मालिका यांचे नाते फारच सैल आहे. त्या आठवणीवर विसंबून आज कोणी साकोलीचा किंवा तुमसरचा विद्यार्थी ही माला पुन्हा वाचावी की नाही असे विचारील, तर ती पुन्हा, आणि मालिका विसरून वाचावी, असेच मी म्हणेन. मात्र घटनाक्रमाच्या मोहात पडून ‘भूतनाथ’पासून आरंभ करू नये. तसे केल्यास रहस्य आधीच हाती येते आणि ‘संतति’तील संशय, ज्यावर त्या चोवीस भागांचा पुष्कळसा ताण तोललेला आहे, तो पहिल्या वाचनातही जागा होत नाही. आधी ‘चंद्रकांता’, मग ‘संतति’, मग ‘भूतनाथ’, आणि त्यानंतर वेळ असेल तर पुन्हा ‘संतति’. ‘चंद्रकांता’ दुसऱ्या फेरीत वगळली तरी चालेल, तिच्यात भूतनाथाने बदलण्याजोगे फारसे काही नाही.