प्रश्नपत्रिका आणि प्रश्न

पदव्युत्तर वर्गात विद्यार्थी प्रश्न विचारत नाहीत आणि विचारलेच तर ‘यावर किती गुणांचा प्रश्न येतो?’ यापलीकडे जात नाहीत, ही अध्यापकांची तक्रार रास्त आहे. मात्र तिचे खापर विद्यार्थ्यांच्या बुद्धीवर फोडण्यापूर्वी या उथळपणाचा इतिहास तपासला पाहिजे.

1857 साली स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर उभे राहिले. परीक्षा घेणे आणि पदव्या देणे हे त्याचे मुख्य कार्य. अध्यापन संलग्न महाविद्यालयांकडे होते. विद्यापीठांनी स्वतः अध्यापन व संशोधन करण्याची तरतूद 1904च्या कायद्याने झाली. म्हणजे आपल्याकडे विद्यापीठ अवतरले ते प्रश्नपत्रिकेच्या रूपाने. 1860च्या दशकात उच्च परीक्षांतून वगळलेल्या मराठीसाठी न्या. रानडे यांना दीर्घकाळ झगडावे लागले, तेही परीक्षेत स्थान मिळावे म्हणूनच. मराठी साहित्य विद्यापीठात आले ते परीक्षेचा विषय होऊन. प्रश्न विचारण्याचा अधिकार परीक्षकाकडे गेला. आणि परीक्षकाला उत्तर आधीच ठाऊक असते.

याहून निराळी प्रश्नपरंपरा मराठी गद्याच्या आरंभीच आढळते. लीळाचरित्रात बाइसा, महदाइसा आणि इतर भक्तजन चक्रधरांना प्रश्न विचारतात. त्यांतले काही तत्त्वविचाराचे आहेत, काही अगदी साधे, भाबडे. म्हाइंभटांनी भाबडे प्रश्नही जपून ठेवले. भाबडा प्रश्न उथळ नसतो, कारण विचारणाऱ्याला उत्तराची खरीखुरी गरज असते. उथळ प्रश्नात नेमकी हीच गरज नसते.

परीक्षेत याच ग्रंथाचे काय होते? ‘लीळाचरित्राचा कर्ता कोण?’ उत्तर: म्हाइंभट. गुण: एक. वस्तुतः म्हाइंभटांनी अनेकांकडून आठवणी मिळवल्या, नागदेवाचार्यांकडून त्या पारखून घेतल्या. पुढे पोथ्यापोथ्यांत पाठभेद निर्माण झाले. अशा संहितेच्या बाबतीत ‘कर्ता’ या संज्ञेचा अर्थ काय? प्रश्नाचे शब्द जवळजवळ तेच आहेत. पण पहिल्या प्रश्नाने अभ्यास संपतो, दुसऱ्याने सुरू होतो.

अध्यापक निवडण्याची आपली रीतही पहिल्याच प्रश्नावर विसंबते. जून 2012 पासून नेट परीक्षेतील उरलीसुरली वर्णनात्मक प्रश्नपत्रिका जाऊन ती पूर्णतः बहुपर्यायी झाली. ‘कर्ता’ या संकल्पनेविषयीची शंका चार पर्यायांत मावत नाही. या चाळणीतून आलेला अध्यापक उद्या प्रश्नपत्रिका काढतो आणि तिच्याबरहुकूम विद्यार्थी घडतो.

म्हणून गुणांची चौकशी करणारा विद्यार्थी हा या व्यवस्थेतील अपवाद नव्हे. तिने शिकवलेला एकमेव प्रश्न तो प्रामाणिकपणे विचारतो आहे. त्याच्यावर वैतागणे सोपे आहे. ज्याचे उत्तर आपल्यालाही ठाऊक नाही असा एखादा तरी प्रश्न वर्गात मांडणे अवघड आहे. पण अध्यापनाची सुरुवात तेथूनच होऊ शकते.