मुक्काम माथेरान

जुन्या, नामांकित हॉटेलात एखादी रात्र काढावी असे म्हटले, की मुंबईकराला आठवतो तो अपोलो बंदरावरचा १९०३ सालचा ‘ताज’. पण त्याच्याही पाव शतक आधी कर्जत तालुक्यातल्या एका डोंगरावर ऐटबाज पाहुणचार सुरू झाला होता. माथेरानचे ‘रग्बी’ हॉटेल १८७६ सालचे!

मंडळी, हॉटेलचा इतिहास सांगताना आपण मालकाचे नाव सांगतो, बड्या पाहुण्यांची नावे सांगतो. माथेरानला मात्र आधी एक साधा प्रश्न विचारावा लागतो. हे सगळे वर आले कसे?

मे १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट चौक गावी मुक्कामाला होते. हे चौक आज खालापूर तालुक्यात आहे. गावच्या पाटलाला बरोबर घेऊन साहेब डोंगर चढले आणि माथेरानचा ‘शोध’ लागला. शोध लागला तो साहेबाला. ठाकर, धनगर, कातकरी यांच्या पायाखालचीच ती वाट होती. लवकरच मॅलेट यांनी तिथे घर बांधले. १८५२ मध्ये कॅप्टन बार यांचा बंगला झाला. पुढे त्याचेच हॉटेल झाले. १८५५ मध्ये गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी माथेरानात लक्ष घातले आणि थंड हवेचे ठिकाण आकाराला येऊ लागले.

१८५६ मध्ये रेल्वे खोपोलीपर्यंत पोहोचली. वाटेवरच्या नेरळला पाहुणा आरामात उतरू लागला. पण तिथून माथेरान सुमारे आठशे मीटर उंचीवर. साहेब घोड्यावर, मडमा पालखीत आणि ट्रंका हमालांच्या डोक्यावर. वर हॉटेलात टेबलावर चिनीमातीची बशी लागे, तेव्हा ती कुणीतरी घाटातून सांभाळून आणलेली असे.

मग आली छोटी गाडी. सर आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने सुमारे सोळा लाख रुपये खर्चून नेरळ–माथेरान रेल्वे बांधली. १९०४ मध्ये काम सुरू झाले, १९०७ मध्ये गाडी धावली. दोन फूट रुंदीचा रूळ, नागमोडी वळणे. पाहुण्यांचा घाट सोपा झाला. पण स्टेशनापासून हॉटेलच्या पायरीपर्यंत माणूसच ओढणार, माणूसच वाहणार, हे काही बदलले नाही. माथेरानात मोटारीला बंदी, म्हणून तिथे शांतता. २००३ मध्ये हा परिसर केंद्र सरकारने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला. ही शांतता हीच इथली सर्वांत महागडी सोय. तिची किंमत मात्र हातरिक्षा ओढणाऱ्याच्या छातीने आणि हमालाच्या मानेने मोजली.

याच डोंगरावर १ डिसेंबर १९१२ रोजी एका नाभिक कुटुंबात विठ्ठल कोतवाल जन्मले. ते वकील झाले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले. बेचाळीसच्या लढ्यात त्यांनी विजेचे मनोरे पाडले आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हौतात्म्य पत्करले. ते आपले वीर भाई कोतवाल. पाहुण्यांच्या सेवेसाठी वसलेल्या गावाने देशाला दिलेला हा माणूस. माथेरानला जाणाऱ्या किती जणांना तो ठाऊक असतो?

हातरिक्षाचा प्रश्न अखेर सर्वोच्च न्यायालयात गेला. २०२२ च्या अखेरीस ई-रिक्षा चाचणीसाठी धावू लागल्या. ६ ऑगस्ट २०२५ रोजी न्यायालयाने माणसाने माणसाला ओढण्याची ही प्रथा सहा महिन्यांत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा आदेश दिला. रिक्षा ओढणाऱ्यांना ई-रिक्षा मिळाव्यात, त्यांची रोजीरोटी बुडू नये, हेही न्यायालयाने बजावले. पहिल्या पालखीपासून हा निकाल यायला दीडशेहून अधिक वर्षे गेली.

जुन्या हॉटेलाच्या व्हरांड्यात जरूर बसा. ऐसपैस खुर्ची, जांभळीची सावली, वाफाळता चहा, सारे मनसोक्त उपभोगा. फक्त सामान उचलून आणणाऱ्याशी मजुरीवरून घासाघीस करण्यापूर्वी आपल्या खोलीचे एका रात्रीचे भाडे एकदा आठवून पाहा.