पाट, वीज आणि काचेची पेटी

घरात मासे पाळण्याच्या काचेच्या पेटीला पुस्तकी मराठीत मत्स्यपेटी म्हणतात; बोलण्यात मात्र ‘फिश टँक’ हाच शब्द रुळला आहे. पंप, फिल्टर, हीटर, नळी, जाळी अशी तिच्याभोवतीची अवजारे एकदम आली नाहीत. आधीच्या सोयीत काही कमी पडले की पुढचे अवजार निघे. राहुरी तालुक्यातील देवळाली प्रवरासारख्या पाटपाण्याच्या गावात त्यांतले कोणते खरोखर कामाचे, हे तिथल्या पाण्याने आणि विजेने ठरवले. शहरी दुकानातला पसंतीचा क्रम इथे तसाच लागू पडत नाही.

मासे पाळण्याची सवय महाराष्ट्राला नवी नाही. पाणी स्वच्छ राहावे म्हणून विहिरीत मासे सोडण्याची रीत जुनी आहे. डासांच्या अळ्या खाणारा गप्पी मासा गेल्या शतकाच्या आरंभी परदेशातून भारतात आला. पुढे हिवताप निर्मूलनाच्या कामात प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या हौदांतून तो गावोगावच्या टाक्यांत आणि डबक्यांत पोहोचला. पण विहिरीतला मासा वरून दिसतो, तोही पाठीपुरताच. त्याला बाजूने पाहण्यासाठी काच हवी. सिसिलीत राहणाऱ्या जीन व्हिलप्रू-पॉवर या संशोधिकेने १८३२ मध्ये सागरी जीवांच्या निरीक्षणासाठी काचेच्या पेट्या करवून घेतल्या. १८५० मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने सोनमासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी एका पेटीत ठेवून पाणी न बदलता त्यांचा मेळ बसतो, असे मांडले. फिलिप हेन्री गॉस यांच्या १८५४ च्या पुस्तकाने ‘ॲक्वेरियम’ हा शब्द घरोघर नेला.

मराठी मुलुखात या काचेचे आकर्षण मुख्यतः मुंबईहून पसरले. मरीन ड्राइव्हवरचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते खुले झाले. एका पारशी दानशूर घराण्याची देणगी त्यामागे होती. कितीतरी गावांतल्या मुलांनी शाळेच्या सहलीत अंधाऱ्या दालनात उजळलेली पेटी पहिल्यांदा तिथेच पाहिली. तिथे पाणी समुद्राचे होते आणि यंत्रणा सरकारी. घरी आली ती मात्र गोड्या पाण्याची, दोन फुटांची पेटी.

जुनी पेटी लोखंडी अँगलच्या चौकटीत लांबी भरून काच बसवलेली असे. ती जड असे आणि लोखंड गंजत असे. पेटी रिकामी पडली की लांबी वाळून तडकायची आणि पुढच्या भरणीला कोपरा गळायचा. १९६० च्या दशकात सिलिकॉनचा चीक आला आणि चौकटीची गरज संपली. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच पेटीत सुमारे ५५ लिटर पाणी मावते. म्हणजे काच, खडे सोडून पाण्याचाच भार ५५ किलो. त्यामुळे सपाट, भक्कम स्टँड आणि त्यावर थर्माकोलची पट्टी हीसुद्धा अवजारेच मानावी लागतात. काच फुटते ती बहुधा खालच्या उंचसखलपणामुळे.

हवेचा पंप हे सर्वांत ओळखीचे अवजार. त्यात विद्युतचुंबक एक रबरी पडदा थरथरवतो आणि हवा नळीतून सच्छिद्र दगडात ढकलली जाते. बुडबुड्यांमुळे पाणी हलते आणि पृष्ठभागावर प्राणवायू मिसळतो. खरे काम त्या हलण्याचेच. पंप पाण्याच्या पातळीखाली ठेवला असेल तर वीज जाताच पाणी नळीतून उलटे येऊन पंपात शिरते. नळीत बसणारा बोटाएवढा एकतर्फी व्हॉल्व्ह ते थांबवतो. जिथे वीज जातेच, तिथे या स्वस्त तुकड्याचे महत्त्व पंपाइतकेच.

फिल्टरचा इतिहास गैरसमजातून पुढे सरकला. वॉरिंग्टनची पेटी टिकली याचे श्रेय दीर्घकाळ वनस्पतींना मिळाले. १८९० च्या सुमारास सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ विनोग्राद्स्की यांनी अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे जीवाणू वेगळे करून दाखवले. माशांनी शरीराबाहेर टाकलेला विषारी अमोनिया हे जीवाणूच पचवतात. मग खड्यांखालची जाळीदार पट्टी, स्पंज, पेटीबाहेरचा बंद डबा ही सगळी त्यांना राहायला दिलेली घरे ठरली. म्हणूनच स्पंज नळाखाली धुऊ नये, पेटीतून काढलेल्या पाण्यात पिळावा. क्लोरीनने ही वस्ती मरते.

२००५ नंतरच्या काही वर्षांत ग्रामीण महाराष्ट्रात रोज कित्येक तासांचे भारनियमन असे. बंद डब्याचा महागडा फिल्टर अशा वेळी अडचणीचा ठरतो. पाणी थांबले की आतला प्राणवायू संपतो, जीवाणू मरतात आणि वीज आल्यावर तोच कुजका साठा पेटीत ओतला जातो. हवेवर चालणारा साधा स्पंज फिल्टर पेटीतच असल्याने तग धरतो. त्याच्या जोडीला बॅटरीवरचा पंप असला की रात्र निभावते. रात्री वनस्पतीही प्राणवायू वापरतात, त्यामुळे धोका तेव्हाच जास्त. देवळालीसारख्या गावात पहिला मान या जोडीला द्यावा लागतो, चमकदार डब्याला नाही.

दुसरा मान सायफनच्या नळीला. पाटाच्या किंवा विहिरीच्या पाण्यावर शेती करणाऱ्याला सायफन समजावून सांगावा लागत नाही. रॉकेलच्या पिंपाची नळीही तीच युक्ती वापरते. आठवड्याला पाव हिस्सा पाणी तळातल्या घाणीसकट काढणे, एवढे एक काम नीट झाले तर अर्धे आजार होत नाहीत. त्यासाठी साबण कधीच न लागलेली वेगळी बादली हवी.

भरायचे पाणी हा इथला खास प्रश्न. भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पुरे झाले आणि प्रवरेच्या पाटांनी हा पट्टा उसाचा झाला. पावसाळ्यात पाटाचे पाणी गढूळ असते. नळाच्या पाण्यात टीसीएल (ब्लीचिंग) पावडरचा क्लोरीन असतो. तो घालवायला पाणी एक दिवस उघडे ठेवतात किंवा सोडियम थायोसल्फेट टाकतात. हेच स्फटिक फोटो स्टुडिओत ‘हायपो’ म्हणून वापरले जात. बसाल्टच्या खडकातले विहिरीचे पाणी जड. त्यात गप्पी आणि मोली मजेत वाढतात, निऑन टेट्राची पैदास मात्र होत नाही. काचेवर पांढरी पुटे चढतात ती याच जडपणामुळे.

मुंबईत हीटर बहुतेकदा शोभेचा, पण अहिल्यानगरच्या (पूर्वीच्या नगरच्या) पठारावर डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा दहाच्या खाली उतरू शकतो. उष्ण प्रदेशातल्या माशांसाठी लिटरमागे साधारण एक वॉटचा हीटर आणि खात्रीसाठी वेगळा थर्मामीटर लागतो. पाणी काढण्यापूर्वी हीटर बंद करायचा, नाहीतर त्याची काच तडकते. मे महिन्यात उलट पंखा लावून पाणी थंड राखतात. पंख्याने बाष्पीभवन वाढते, पाणी उडते आणि क्षार मागे राहतात. घट भरून काढायला पुन्हा विहिरीचेच पाणी ओतले तर जडपणा वाढत जातो. गावोगाव जारमधून पाणी विकणारे आरओचे प्रकल्प निघाल्यापासून त्यावर सोपा उपाय हाती आला आहे: उडालेल्या पाण्याची भर जारच्या पाण्याने घालायची आणि आठवड्याच्या बदलाला नेहमीचे क्लोरीन घालवलेले पाणी वापरायचे. संपूर्ण पेटी मात्र जारच्या पाण्याने भरत नाहीत, कारण त्यात माशांना लागणारे क्षारच फारसे उरलेले नसतात.