किंग्स्टनची साउंड सिस्टीम

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात जमैकाच्या राजधानीत, किंग्स्टनमध्ये, साउंड सिस्टीमची प्रथा रुजली. रेकॉर्ड वाजवायचे एक टर्नटेबल, व्हॉल्व्हचा दमदार ॲम्प्लिफायर, कपाटाएवढे स्पीकर आणि हे सारे वाहून नेणारा ट्रक, एवढे त्याचे साहित्य. कुंपण घातलेल्या मोकळ्या जागेत रात्रभराचा नाच भरवायचा, दारात तिकीट लावायचे, आत बिअर, रम आणि मटणाची करी विकायची, असा हा धंदा होता. अशा नाचाच्या जागेला तिथे ‘लॉन’ म्हणत. स्का, रॉकस्टेडी, रेगे आणि डब या जमैकन संगीताच्या चारही रूपांवर या धंद्याच्या गरजांचा ठसा आहे.

त्या काळी शहरातील हॉटेलांत आणि क्लबांत वाद्यवृंद वाजत, पण तिथला प्रवेश गरिबाच्या खिशाला परवडणारा नव्हता. खेड्यांतून कामाच्या शोधात आलेली माणसे पश्चिम किंग्स्टनच्या दाट वस्त्यांत राहत. रेडिओ जमैका १९५० मध्ये सुरू झाला, तरी त्याच्या कार्यक्रमांवर ब्रिटिश वळणाची छाप होती आणि या वस्त्यांना हवे असलेले संगीत त्यावर क्वचितच लागे. त्यांना हवे होते ते अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे रिदम अँड ब्लूज. मायामी आणि न्यू ऑर्लीन्सची रेडिओ केंद्रे रात्री हवामान अनुकूल असेल तर जमैकात ऐकू येत. लुई जॉर्डन, फॅट्स डॉमिनो, रॉस्को गॉर्डन या गायकांची नावे तिथे घरोघरी पोहोचली ती याच वाटेने. दहा-बारा वादकांच्या बिदागीपेक्षा एक साउंड सिस्टीम स्वस्त पडे आणि ती न थकता पहाटेपर्यंत वाजे.

या धंद्यातील पहिले मोठे नाव टॉम वाँग यांचे. चिनी वंशाचे हे जमैकन व्यापारी हार्डवेअरचे दुकान चालवत आणि ‘टॉम द ग्रेट सबॅस्टियन’ या नावाने नाच भरवत. त्यांचा ॲम्प्लिफायर हेडली जोन्स यांनी बांधला होता. जोन्स महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात होते, रडारचे तांत्रिक शिक्षण घेऊन ते किंग्स्टनला परतले होते. त्यांच्या यंत्रात खर्ज आणि तार स्वर वेगवेगळे वाढवण्याची सोय होती. खर्जाचा धक्का छातीत जाणवला पाहिजे ही श्रोत्यांची अपेक्षा तेव्हापासून बळावत गेली. स्थानिक सुतारांनी घडवलेल्या मोठ्या स्पीकरपेट्यांना ‘हाउस ऑफ जॉय’ असे नाव पडले.

१९५० च्या दशकात चुरस वाढली. आर्थर रीड ऊर्फ ड्यूक रीड हे माजी पोलीस. ‘ट्रेझर आइल’ हे त्यांचे दारूचे दुकान, तर सामान वाहणाऱ्या बेडफर्ड ट्रोजन ट्रकवरून त्यांची साउंड सिस्टीम ‘ट्रोजन’ म्हणून ओळखली जाई. त्यांचे प्रतिस्पर्धी क्लेमेंट डॉड. शाळेत ते क्रिकेट चांगले खेळत, म्हणून यॉर्कशायरचा खेळाडू ॲलेक कॉक्सन याच्यावरून मित्रांनी त्यांना ‘कॉक्सन’ नाव दिले आणि तेच कायम झाले. डॉड अमेरिकेत शेतमजुरीला गेले होते आणि तिथून रेकॉर्ड घेऊन आले होते. पुढे त्यांच्याकडे काम केलेल्या सेसिल कॅम्बेल यांनी, म्हणजे प्रिन्स बस्टर यांनी, स्वतःची साउंड सिस्टीम उभी केली. दोन साउंड सिस्टीम समोरासमोर उभ्या राहून एकमेकींवर कुरघोडी करत, त्या सामन्याला ‘साउंड क्लॅश’ म्हणत. दुसऱ्याकडे नसलेली रेकॉर्ड आपल्याकडे असणे, हेच यातले मुख्य शस्त्र. त्यामुळे मालक रेकॉर्डवरचे लेबल खरवडून टाकत आणि गाण्याला मनाचे नाव देत. विलिस जॅक्सन या अमेरिकन सॅक्सोफोनवादकाची एक रेकॉर्ड डॉड यांनी वर्षानुवर्षे ‘कॉक्सन हॉप’ म्हणून वाजवली. शेवटी ड्यूक रीड यांनी तिचा माग काढला, तेव्हा त्या गाण्यावरची डॉड यांची मिरासदारी संपली.

दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत रॉक अँड रोलची लाट आली आणि किंग्स्टनला आवडणाऱ्या जुन्या धाटणीच्या रेकॉर्ड मिळेनाशा झाल्या. तेव्हा साउंड सिस्टीमचे मालक स्वतःच निर्माते बनले. केन खुरी यांच्या फेडरल स्टुडिओत स्थानिक वादक बोलावून ते गाणी ध्वनिमुद्रित करू लागले. सुरुवातीला ही गाणी विक्रीसाठी नव्हती. मऊ लेपाच्या तबकडीवर एकच प्रत कोरून घ्यायची, नाचात वाजवायची आणि गर्दीचा कौल बघायचा, ही रीत होती. अशा प्रतीला ‘डबप्लेट’ म्हणतात. गाणे पुन्हा वाजवायची आरोळी उठली तरच ते बाजारात येई. अशा रीतीने नाचणाऱ्या श्रोत्यांनी जमैकाच्या संगीताची निवड स्वतः केली.

यातूनच १९६० च्या सुमारास स्का आकाराला आला. अमेरिकन ठेक्यातील उचल मात्रा गिटार आणि पियानोने ठसठशीत केली, वर फुंकवाद्यांचा ताफा जोडला आणि स्वतःची चाल तयार झाली. ६ ऑगस्ट १९६२ रोजी देश स्वतंत्र झाला, तेव्हा हेच संगीत वाजत होते. पुढच्याच वर्षी डॉड यांनी ब्रेंटफर्ड रोडवर ‘स्टुडिओ वन’ उघडला. १९६४ मध्ये जमलेल्या ‘स्कॅटलाइट्स’ या वाद्यवृंदातील ट्रॉम्बोनवादक डॉन ड्रमंड आणि सॅक्सोफोनवादक टॉमी मकूक हे अल्फा बॉइज स्कूलचे विद्यार्थी. गरीब मुलांसाठी कॅथलिक जोगिणी चालवत असलेल्या या शाळेत बँडचे कसून शिक्षण मिळे. जमैकाच्या वाद्यसंगीताचा पाया त्या शाळेत घातला गेला.

१९६६ मध्ये लय मंदावली आणि रॉकस्टेडी आली. फुंकवाद्ये मागे सरली, बेस गिटार पुढे आली आणि गायकांना जागा मिळाली. या टप्प्यावर अमेरिकन सोल संगीताचा प्रभाव सर्वात गडद आहे. शिकागोचे कर्टिस मेफील्ड आणि त्यांचा ‘इम्प्रेशन्स’ हा गट जमैकन गायकांचा आदर्श होता. ‘वेलर्स’ या जमैकन गटातील तिघांच्या स्वरमेळात ही शिकवण स्पष्ट ऐकू येते. गायक ऑल्टन एलिस यांच्या गळ्यातील आर्जवही त्याच कुळाचे. १९६८ मध्ये ठेका पुन्हा बदलला, रेगे जन्माला आला आणि टूट्स हिबर्ट यांच्या ‘मेटल्स’ गटाने त्याच वर्षी एका गाण्याच्या नावात तो शब्द वापरला.

१९६७-६८ च्या सुमारास स्पॅनिश टाऊनचे साउंड सिस्टीमवाले रडी रेडवुड ड्यूक रीड यांच्या स्टुडिओत डबप्लेट कोरून घेत होते. एका गाण्यात तंत्रज्ञाकडून गायकाचा आवाज घालायचा राहून गेला. नाचात हीच प्रत वाजली आणि गर्दीने शब्द स्वतः गायले. त्यानंतर रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला आवाजाविना ‘व्हर्शन’ देण्याची पद्धत पडली. मोकळ्या झालेल्या जागेत ‘डीजे’ बोलू लागले. जमैकात रेकॉर्ड निवडणाऱ्याला सिलेक्टर म्हणतात, डीजे म्हणजे माइकवर लयीत बोलणारा. काउंट मचुकी यांनी ही कला त्याआधीच सुरू केली होती. १९७० मध्ये यू-रॉय यांच्या रेकॉर्डनी जमैकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत वरचे क्रमांक पटकावले आणि नाचातली ही कला बाजारात आली.

व्हर्शनला कलेचा दर्जा दिला तो ऑसबर्न रडॉक यांनी. किंग टबी या नावाने गाजलेले हे गृहस्थ मूळचे वीज आणि रेडिओ दुरुस्त करणारे कारागीर. वॉटरहाउस भागातील राहत्या घरी चार ट्रॅकच्या यंत्रावर ते तयार गाणे उकलत: आवाज अर्ध्यावर तोडायचा, ड्रमला प्रतिध्वनी द्यायचा, बेस एकटी ठेवायची. हे डब संगीत होय. मिक्सिंगचे यंत्र हेच वाद्य होऊ शकते, हे टबी यांनी दाखवून दिले.

स्थलांतरितांबरोबर ही प्रथा परदेशी गेली. लंडनमध्ये वर्णभेदामुळे अनेक क्लबांची दारे बंद होती, म्हणून घराघरांत नाच भरू लागले. ड्यूक व्हिन यांनी १९५५ मध्ये ब्रिटनमधली पहिली साउंड सिस्टीम तिथे उभी केली. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात किंग्स्टनला जन्मलेल्या कूल हर्क यांनी ११ ऑगस्ट १९७३ रोजी दिलेल्या पार्टीपासून हिप-हॉपचा आरंभ मानतात. तिथल्या तरुणांना रेगेपेक्षा जेम्स ब्राउन यांचे सोल आणि फंक जवळचे होते, त्यामुळे हर्क यांनी किंग्स्टनची पद्धत ठेवली आणि रेकॉर्ड बदलल्या. डबचे तंत्र नाचगृहांतही शिरले. पॅराडाइज गराज क्लबचे लॅरी लेव्हन यांनी १९८० च्या दशकात ग्वेन गथ्री यांच्या गाण्यांचे रीमिक्स केले. त्यांतील ड्रम आणि बेस जमैकाच्या स्लाय डनबार आणि रॉबी शेक्सपियर यांची. लेव्हन यांचे बालमित्र फ्रँकी नकल्स तेव्हा शिकागोत हाउस संगीत घडवत होते. लांबवलेला ठेका आणि मध्येच गळणारा, पुन्हा उसळणारा बेस हे हाउसचे विशेष डबशी नाते सांगतात.

१९८५ मध्ये किंग जॅमी यांनी कॅसिओच्या छोट्या कीबोर्डातील तयार ठेक्यावर ‘स्लेंग टेंग’ ही धून एका साउंड क्लॅशमध्ये वाजवली आणि रेगेचे संगणकी युग सुरू झाले. तो ठेका बसवणाऱ्या हिरोको ओकुदा यांनी जपानमध्ये रेगेवरच प्रबंध लिहिला होता. जमैकात १९९७ च्या कायद्याने रात्रीच्या ध्वनिक्षेपकांवर वेळेचे बंधन आले, तरी नाच थांबले नाहीत. रेगे भारतातही पोहोचला: गोव्यात २०१६ पासून ‘गोवा सनस्प्लॅश’ हा रेगे महोत्सव भरू लागला.

२०१८ मध्ये युनेस्कोने जमैकाच्या रेगे संगीताचा मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात समावेश केला. या सन्मानाचा मोठा वाटा ॲम्प्लिफायर बांधणारे कारागीर, पेट्या घडवणारे सुतार, रेकॉर्ड निवडणारे सिलेक्टर आणि लॉनवर कौल देणारे श्रोते यांचा आहे. रेगेचा इतिहास गायकांच्या नावांनी सांगितला जातो. तो या लोकांच्या कामासह सांगितला तरच पूर्ण होतो.