'परम'चे प्रोसेसर : ट्रान्सप्युटर ते 'वेगा'

अमेरिकेने शक्तिशाली क्रे महासंगणक देण्यास नकार दिल्यानंतर १९८८ मध्ये पुण्यात 'सी-डॅक' स्थापन झाली. अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावी जन्मलेल्या डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तेथे १९९१ मध्ये 'परम ८०००' महासंगणक साकारला. एका अतिवेगवान प्रोसेसरऐवजी अनेक लहान प्रोसेसरांत काम वाटण्याचे तत्त्व त्यात होते. त्यासाठी मूळच्या ब्रिटिश 'इनमॉस'चे ट्रान्सप्युटर निवडले गेले. शेजारच्या चिपांशी थेट संवाद साधणारे चार दुवे प्रत्येक चिपमध्येच होते. पुढील 'परम' यंत्रांत इंटेलचा आय-८६०, सनचा अल्ट्रास्पार्क आणि आयबीएमचा पॉवर-४ आला. जोडणीचे तंत्र स्वदेशी झाले, प्रोसेसर मात्र परकीयच राहिले. ही उणीव भरून काढण्यासाठी 'सी-डॅक'ने कालांतराने रिस्क-फाइव्ह रचनेवर आधारित 'वेगा' प्रोसेसर विकसित केले.