मातीचा 'कॉन्स्टंट'

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात 'कॉन्स्टंट' हा शब्द जरा सैलपणेच वापरतात. आज कॉन्स्टंट म्हणून लिहिलेला आकडा दोन रिलीजनंतर बदलावा लागतोच! सिव्हिलवाल्या मंडळींकडेही असाच एक आकडा आहे. त्याचं नाव सबग्रेड मॉड्युलस, लाडाने 'के'. त्याचा इतिहास मोठा मजेशीर आहे.

इमारतीच्या पायाबद्दल प्रश्न दोन. माती वजन पेलेल का? आणि पेलेल, पण दबेल किती? दुसऱ्याचं उत्तर मातीच्या ताठपणावर, म्हणजे स्टिफनेसवर अवलंबून असतं.

१८६७ साली प्रागमध्ये प्राध्यापक असलेल्या एमिल विंकलरने यावर एक साधी युक्ती काढली. जमीन म्हणजे शेजारी शेजारी उभ्या केलेल्या सुट्या स्प्रिंगा समजा. दाबाला खचण्याने भागलं की 'के' मिळाला. गणित एकदम सोपं झालं. पुढे रेल्वेच्या रुळांसाठी ही पद्धत चांगलीच रुजली.

पण खरी जमीन सुट्या स्प्रिंगांसारखी वागत नाही. एका जागी वजन ठेवलं की शेजारची मातीही थोडी खाली जाते. शिवाय पाया जितका रुंद, तितका त्याचा दाब खोलवर पोचतो. म्हणजे दाब तोच ठेवला तरी मोठा पाया जास्त खचणार!

१९५५ साली कार्ल टेरझागीने हे एका निबंधात सविस्तर मांडलं. एक फूट रुंदीच्या प्लेटवर चाचणी घेऊन आलेला 'के' तसाच्या तसा वापरायचा नाही. कडक चिकणमातीत दहा फूट रुंद पायासाठी तो साधारण एक दशांश होतो. माती तीच, आकडा दहापट कमी! आणि हेही बजावलं की या पद्धतीने पायातली वाकणूक काढा, खचणं काढू नका.

बरं, स्प्रिंगा सोडून सगळी जमीन एकसंध धरली तर? त्याचा धडा लंडनमध्ये मिळाला. १९७० च्या दशकात संसदेच्या आवारात, बिग बेनच्या मनोऱ्याशेजारी, जमिनीखाली सुमारे १८ मीटर खोल कार पार्क खणला गेला. सरळ रेषेतल्या स्टिफनेसचं गणित सांगत होतं की मनोरा खड्ड्यापासून दूर कलेल. प्रत्यक्षात तो किंचित खड्ड्याकडे कलला. चूक चक्क दिशेची!

उलगडा पुढच्या दशकभरात होत गेला. इमारतींभोवतीच्या मातीचं आकारमान फारच थोडं बदलतं, बहुतेक ठिकाणी ०.१ टक्क्याहूनही कमी. इतक्या सूक्ष्म बदलाला माती लॅबच्या आकड्यापेक्षा कितीतरी ताठ असते, आणि बदल वाढला की झपाट्याने मऊ पडते. जुन्या चाचण्यांत मोजमाप नमुन्याच्या बाहेरून होई, त्यामुळे हा ताठपणा दिसतच नसे. १९८० च्या दशकात लंडनच्या इंपिरियल कॉलेजमध्ये नमुन्यालाच छोटी मोजयंत्रं चिकटवली, तेव्हा तो दिसला.

तात्पर्य काय, तर 'के' हा नुसता मातीचा गुण नाही. केवढा पाया, किती वजन, किती हालचाल, हे प्रश्न त्याच्यातच दडलेले आहेत. आजही डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये 'के'साठी एक छोटासा चौकोन असतो, आणि त्यात काहीही भरलं तरी उत्तर चार दशांश स्थळांपर्यंत येतं. म्हणून जाणते इंजिनिअर 'के' निम्मा आणि दुप्पट करूनही गणित चालवून बघतात. राफ्टचं स्टील त्यातही पुरलं, तरच निश्चिंत व्हायचं.