लोंकरीचीं गांवें

ऑक्सफर्ड सोडून मोटार पश्चिमेस निघाली कीं तासाभरांत कॉट्सवोल्डच्या टेंकड्या लागतात. सुटीच्या दिवशीं इकडे येणारें कुटुंब म्हणजे आईच्या मांडीवर नकाशा, मागें फराळाची टोपली आणि तिच्यावर डोळा ठेवून बसलेलीं मुलें. मधाच्या रंगाच्या दगडांचीं घरें आणि उतरणीवर चरणाऱ्या मेंढ्या पाहत मंडळी नॉर्थलीचला पोंचतात. तेथें एखादें मूल हटकून विचारतें, “एवढ्याशा गांवाला एवढें मोठें चर्च कशाला?”

उत्तर चर्चच्या फरशींतच आहे. तेथें पुरलेल्या व्यापाऱ्यांच्या पितळी प्रतिमा जमिनींत बसविल्या आहेत. सरदारांच्या थडग्यावर पायाशीं सिंह किंवा कुत्रा असावयाचा. येथें पायाशीं मेंढी आणि लोंकरीचें पोतें आहे. चर्चच्या मधल्या दालनाच्या पुनर्रचनेस द्रव्य देणारा जॉन फोर्टी १४५८ सालीं वारला. ज्या धंद्यानें पैसा दिला तो लपवावा असें या वर्गाला कधीं वाटलें नाहीं. इंग्लंडची लोंकर फ्लँडर्स व इटली येथील विणकरांकडे जाई, आणि फ्रान्सशीं चाललेल्या युद्धाचा बराच भार तिच्यावरील जकात उचली. लॉर्डांच्या सभागृहाचा अध्यक्ष आजही लोंकरीनें भरलेल्या बैठकीवरच बसतो.

मात्र हें वैभव सर्वांच्या वांट्याला आलें नाहीं. मोठ्या कळपाला एक मेंढपाळ आणि त्याचा कुत्रा पुरतो. तेवढ्याच जमिनीच्या नांगरटीवर अनेक कुटुंबें जगत. जमीनदारांनीं शेतें मोडून कुरणें केलीं, कुंपणें घातलीं, आणि कित्येक ठिकाणीं कुळांना घरदार सोडावें लागलें. टॉमस मोरनें १५१६ सालच्या ‘युटोपिया’ ग्रंथांत मेंढ्यांना नरभक्षक ठरविलें तें उगाच नव्हे. त्या परागंदा लोकांच्या पितळी प्रतिमा कोणत्याही चर्चमध्यें नाहींत.

पुढें कच्च्या लोंकरीऐवजीं कापड परदेशीं जाऊं लागलें. बिबरी येथें १३८० च्या सुमारास बांधलेलें लोंकरीचें कोठार सतराव्या शतकांत विणकरांचीं घरें बनलें. नदीकांठची ती ओळ पाहावयास आज झुंबड उडते. स्टो-ऑन-द-वोल्डला बाजाराची सनद मिळाली ११०७ सालीं. तेथील एका जत्रेंत २०,००० मेंढ्या विकल्या गेल्याचें डॅनिएल डेफोनें नमूद केलें आहे. चौकाकडे येणारे अरुंद बोळ मेंढ्या एकेक करून मोजण्यासाठींच ठेवले असें सांगतात. मुलांना अर्थात् चौकांतील खोड्याचेंच आकर्षण अधिक.

दुपार कलतां मोटार चिपिंग कॅम्पडनला येते. ‘चिपिंग’ म्हणजेच बाजार. येथील विल्यम ग्रेव्हेल १४०१ सालीं वारला. अवघ्या इंग्लंडांतील लोंकरव्यापाऱ्यांचें भूषण असा त्याचा गौरव थडग्यावर कोरला आहे. सर बॅप्टिस्ट हिक्सनें लोणी, चीज व कोंबड्या विकणाऱ्यांसाठीं १६२७ सालीं बांधलेला मंडप अद्याप उभा आहे. पण लोंकरीचे मोठे दिवस तोंवर सरले होते. पुढें यॉर्कशायरांत कोळशावर गिरण्या चालूं लागल्या आणि येथील हातमागांचा आवाज मंदावला. जुनीं घरें पाडून नवीं बांधण्याइतका पैसा कोणापाशीं उरला नाहीं. ज्या रम्यतेसाठीं प्रवासी येतात तिचें रक्षण असें दारिद्र्यानें केलें.

१९०२ सालीं चार्ल्स ॲशबीनें लंडनच्या पूर्व भागांतील आपले कारागीर व त्यांचीं कुटुंबें या गांवीं आणलीं. यंत्राला हातानें उत्तर देण्याचा तो प्रयोग १९०८ पर्यंतच टिकला. त्याच सुमारास शेजारच्या ब्रॉड कॅम्पडनमध्यें, ॲशबीनें दुरुस्त केलेल्या एका जुन्या प्रार्थनामंदिरांत आनंद कुमारस्वामी राहत होते. सिलोनच्या मध्ययुगीन सिंहली कलेवरील आपला ग्रंथ त्यांनीं १९०८ सालीं तेथेंच, विल्यम मॉरिसच्या जुन्या हातछापखान्यावर छापून घेतला. विलायती मालापुढें मोडून पडलेल्या कारागिरांची ती हकीकत कॅम्पडनच्या विणकरांना कोणी वाचून दाखविली असती तर ती त्यांना परकी वाटली नसती.